वहाळावर टर्बाइन बसवण्याआधी

जुलैच्या मध्यात कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या वाडीत तीन गोष्टी एकदम होतात. झाड पडून लाइन जाते, ती दोन-चार दिवस येत नाही. छपरावरचं सोलर पॅनल ढगांखाली जेमतेम मोबाइल चार्ज करण्यापुरतं उरतं. आणि घरामागचा वहाळ रात्रंदिवस गर्जत असतो. या वहाळावर घरापुरती वीज करता येईल का, असा विचार ज्यांच्या मनात येऊन गेला आहे त्यांच्यासाठी हा लेख. कर्नाटकात मलनाडच्या डोंगरांतल्या सुपारी आणि कॉफीच्या बागायतदारांनी हे काम बऱ्याच ठिकाणी केलेलं आहे. त्यांची यंत्रं साधारण एक किलोवॉटची, म्हणजे एका घराला आणि गोठ्याला पुरणारी. डोंगर तोच, पाऊस तोच. आपल्याकडचे बरेचसे वहाळ मात्र होळीच्या आत आटतात, तेव्हा हिशेब बारा महिन्यांचा न धरता सहा-सात महिन्यांचा धरावा.

बहुतेक जण पहिल्यांदा टर्बाइनची किंमत विचारतात. माझ्या मते टर्बाइन ही शेवटी विकत घ्यायची वस्तू आहे. पैसा जास्त जातो पाइपात, डोकं जास्त लागतं ते तयार झालेली वीज हाताळण्यात. आणि या दोन्हींच्या आधी येतं मोजमाप, ज्याला जवळजवळ काहीच खर्च नाही. म्हणून ते कोणी करत नाही.

हिशेब सोपा आहे. सेकंदाला किती लिटर पाणी मिळतं आणि ते किती मीटर उंचीवरून खाली आणता येतं, या दोन आकड्यांचा गुणाकार करा आणि त्याला ५ ने गुणा. उत्तर वॅटमध्ये येईल. खरं तर ९.८१ ने गुणायला हवं, पण पाइपातलं घर्षण, चाक, जनरेटर आणि तारा मिळून जवळपास निम्मी शक्ती खातात. सेकंदाला ५ लिटर पाणी आणि ४० मीटर उंची असेल, तर साधारण १,००० वॅट. पंप वापरणाऱ्यांना हे दोन्ही शब्द ओळखीचे आहेत: हेड आणि डिस्चार्ज. इथे गाडी फक्त उलटी चालते.

आता तेच १,००० वॅट २ मीटर उंचीवरून हवे असतील तर सेकंदाला १०० लिटर पाणी लागेल. म्हणजे मोठा बंधारा, रुंद पाट, मोठं यंत्र आणि पुरात ते सगळं वाहून जाण्याची भीती. सपाट, रुंद नदीकाठी घर असलेल्यांनी या नादाला लागू नये असं मी स्पष्टच सांगतो. सह्याद्रीच्या उतारावरचा, पाणी थोडं पण पडण्याची उंची भरपूर असा वहाळ यासाठी उत्तम.

१,००० वॅट ऐकायला कमी वाटतात. पण पाणी रात्रीही वाहतं, त्यामुळे दिवसाला २४ युनिट होतात. एक किलोवॉटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं, पावसाळ्यात त्याहून बरंच कमी. नुसते २५० वॅट सतत मिळाले तरी दिवसाला ६ युनिट झाले. दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर आणि लहान फ्रिज एवढ्यात भागतो. तेव्हा आपला वहाळ छोटा आहे म्हणून लगेच नाउमेद होऊ नका.

उंची मोजायला मोबाइलवर विसंबू नका; त्यातला उंचीचा आकडा सहज दहा-वीस मीटरनं चुकतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी आणि दोन माणसं घेऊन टप्प्याटप्प्यानं उतरा. किंवा बागेचा जुना पाइप वरून खालपर्यंत टाका, पाण्यानं भरा, आतली हवा पूर्ण काढा आणि खालच्या टोकाला प्रेशर गेज लावून ते टोक बंद करा. गेजवर १ किलो दाब म्हणजे १० मीटर उंची. ४ किलो दाखवत असेल तर तुमच्याकडे ४० मीटर आहेत.

पाणी मोजायला छोट्या वहाळावर बादली पुरते. पाण्याची सगळी धार एका पन्हळीत आणा आणि २० लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते बघा. चार सेकंदांत भरली तर ५ लिटर. धार मोठी असेल तर पत्र्याला किंवा प्लायला काटकोनात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच कापा आणि तो पत्रा वहाळात आडवा, बाजूनं गळणार नाही असा रोवा. सगळं पाणी खाचेतूनच पडलं पाहिजे. खाचेच्या तळटोकापासून पाण्याची पातळी किती वर आहे ते मोजा, पण खाचेजवळ नव्हे. तिथे पाणी पडण्याआधी खाली झुकतं, म्हणून हात-दीड हात मागे, जिथे ते संथ असतं तिथे मोजायचं. पातळी १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, १५ असेल तर १२, आणि २० असेल तर जवळपास २५ लिटर. पातळी दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटीहून जास्त होतं, म्हणून डोळ्यानं अंदाज बांधणारा इथे हमखास फसतो.

हे मोजमाप ऑगस्टमध्ये करून काही उपयोग नाही. ऑगस्टमध्ये प्रत्येक वहाळ टाटांचा खोपोलीचा वीजप्रकल्प चालवेल असाच दिसतो. दसऱ्याला मोजा, नाताळात मोजा, शिमग्याच्या आधी मोजा आणि घरच्या कालनिर्णयवर त्या त्या तारखेच्या चौकोनात आकडा लिहून ठेवा. ज्या महिन्यापर्यंत वीज हवी त्या महिन्याचं पाणी धरून यंत्र ठरवायचं. त्यातलंही सगळं उचलायचं नाही. उचललेल्या जागेपासून सोडलेल्या जागेपर्यंतच्या पट्ट्यात मासे, खेकडे आणि शेजाऱ्याची म्हैस यांना पाणी राहिलं पाहिजे. यंत्रातून गेलेलं पाणी पुढे वहाळातच परत जातं, पण मधला तुकडा कोरडा पडला तर गावात भांडण ठरलेलं.

आता पाइप. खर्च वाचवायचा म्हणून इथे बारीक पाइप घेतला जातो आणि पुढची सगळी वर्षं त्याची वजाबाकी चालू राहते. वरचंच उदाहरण घेऊ: सेकंदाला ५ लिटर, उंची ४० मीटर, पाइपाची लांबी २०० मीटर. ६३ मिलिमीटरचा एचडीपीई पाइप टाकलात तर जवळपास १५ मीटर उंची नुसत्या घर्षणात जाते. ७५ चा घेतलात तर ६ मीटर. ९० चा घेतलात तर अडीच मीटर. म्हणजे ६३ आणि ९० यांतला फरक १२ मीटरहून जास्त, वीज एक तृतीयांशानं कमी-जास्त. एकूण उंचीच्या दहा टक्क्यांच्या आत घर्षण राहील इतका जाड पाइप घ्यावा, हा चांगला नियम आहे.

४० मीटर म्हणजे ४ किलो दाब, म्हणून निदान ६ किलोचा पाइप हवा. जास्तीचे दोन किलो व्हॉल्व्ह बंद करताना बसणाऱ्या हिसक्यासाठी. दोनशे मीटर लांबीचं वाहतं पाणी एकदम अडवलं तर दाब क्षणात कितीतरी वाढतो आणि एखादा सांधा उडतो. म्हणून खाली पाव फेरीत बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह लावू नका. चाक फिरवत सावकाश बंद करायचा गेट व्हॉल्व्ह लावा. पाइप सतत उतरता असावा. मध्ये उंचवटा आला तर तिथे हवा अडकते. वरच्या तोंडाशी एक उघडी उभी नळी ठेवा, म्हणजे तोंड पाचोळ्यानं बुजलं तरी पाइप आत चेपणार नाही.

पाचोळा हा या धंद्यातला खरा शत्रू. पहिल्या मोठ्या पावसात वर्षभराचा पाचोळा, काटक्या आणि रेती एकदम येते. बंधाऱ्यातून पाणी थेट पाइपात घेऊ नका. आधी एखाद्या मोठ्या ड्रममध्ये किंवा बांधलेल्या टाकीत घ्या, म्हणजे रेती खाली बसेल. ड्रमवर जाळी उतरती लावा, म्हणजे पाणी आत आणि पाचोळा पुढे घसरून बाहेर. इतकं करूनही जून-जुलैत रोज एकदा वर जाऊन जाळी साफ करावी लागते. घरात हे करणारं माणूस नसेल, तर बाकी सगळं उत्तम असूनही मी टर्बाइन बसवू नका असंच म्हणेन.

टर्बाइनबद्दल थोडक्यात. उंची जास्त आणि पाणी कमी असेल तर पेल्टन. एका चाकाच्या कडेला जोडवाट्या बसवलेल्या असतात आणि नोझलमधून सुटलेली धार त्यांच्या मधल्या धारदार कण्यावर आदळून दोन्हीकडे वळते. लेस्टर पेल्टन यानं कॅलिफोर्नियात त्याचं पेटंट १८८० मध्ये घेतलं. वळवण आणि शेजारच्या तलावांचं पाणी घाटाखाली आणून १९१५ मध्ये टाटांनी खोपोलीला वीज सुरू केली तीही पेल्टन चाकांवरच. आपल्या उदाहरणाला हे चाक केवढं लागेल ते बघण्यासारखं आहे. घर्षण वजा जाता साडेसदतीस मीटर उरतात, तेव्हा धार सेकंदाला सुमारे २६ मीटर वेगानं सुटते. वाट्या धारेच्या निम्म्याहून किंचित कमी वेगानं फिरल्या की सर्वांत जास्त शक्ती मिळते. मिनिटाला १,५०० फेरे हवे असतील तर वाट्यांच्या मध्यातून मोजलेला चाकाचा व्यास येतो साधारण १५ सेंटिमीटर आणि नोझलचं भोक १६ मिलिमीटरच्या आत. जेवणाच्या ताटाहून लहान चाक अख्ख्या घराची वीज देतं. विक्रेता याच पाण्याला याच वेगाचं पण दुप्पट मोठं चाक दाखवत असेल तर त्याला हा हिशेब मांडायला सांगा.

उंची मध्यम आणि पाणी जास्त असेल तर टर्गो किंवा क्रॉसफ्लो. क्रॉसफ्लो चांगल्या फॅब्रिकेशनवाल्याला पत्रा आणि पाइपाच्या फाका वापरून करता येतं; पाणी कमी-जास्त झालं तरी ते फारसं कुरकुरत नाही. साधा सेंट्रिफ्युगल पंप उलटा चालवूनही टर्बाइन होतं आणि तो तालुक्याच्या गावी मिळतो, हा मोठा फायदा. मात्र टर्बाइन म्हणून त्याला पाटीवरच्या आकड्यांपेक्षा बरंच जास्त हेड आणि जास्त पाणी लागतं, आणि पाणी घटलं की त्याची ताकद झपाट्यानं घसरते. बारमाही, एकसारख्या झऱ्यावर तो ठीक. दिवाळीनंतर रोज घटत जाणाऱ्या वहाळावर नको. पेल्टनला दोन-तीन नोझल ठेवून पाणी घटेल तशी एकेक बंद करता येतात, म्हणून आपल्याकडे तेच सोयीचं.

चाक फिरलं, वीज आली. इथून पुढचा भाग बहुतेक व्हिडिओंमध्ये नसतो. तिथे बल्ब पेटतो, टाळ्या वाजतात आणि संपतं.

घरातला दिवा बंद केला म्हणून वहाळ थांबत नाही. १,००० वॅट तयार होत आहेत आणि घरात ३०० च लागत आहेत, तर उरलेले ७०० कुठेतरी गेलेच पाहिजेत. नाहीतर चाकावरचा भार हलका होतो आणि ते वेगानं फिरू लागतं. भार पूर्ण सुटला तर पेल्टन नेहमीच्या पावणेदोन-दोन पट वेगानं पळतं. त्याबरोबर व्होल्टेज चढतं आणि घरातली उपकरणं जळतात. मोठ्या प्रकल्पात पाणी कमी-जास्त करून वेग सांभाळतात. आपल्या आकाराला ते महाग पडतं. छोट्या यंत्राची युक्ती वेगळी आहे: पाणी आहे तसं वाहू द्यायचं आणि उरलेली वीज पाण्याच्या ड्रममधल्या हीटरच्या कॉइलमध्ये जाळायची. घर आणि कॉइल यांची बेरीज कायम सारखी ठेवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी म्हणजे लोड कंट्रोलर. कॉइलची क्षमता जनरेटरपेक्षा दहा-वीस टक्के जास्तच ठेवा. आणि एक पक्कं लक्षात ठेवा, या कामाला घरातला गीझर चालत नाही. पाणी तापलं की त्याचा थर्मोस्टॅट कॉइल तोडतो, आणि नेमका त्याच क्षणी टर्बाइन मोकळं सुटतं. थर्मोस्टॅट नसलेली कॉइल घ्या आणि टर्बाइनमधून पडणाऱ्या पाण्याची एक बारीक धार ड्रममध्ये सतत सोडून ठेवा, म्हणजे ड्रम कोरडा पडणार नाही. अंघोळीचं पाणी फुकटात मिळतं ते वेगळंच.

वीज घरापर्यंत नेण्याच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट बॅटरीची. चाकाला कायमच्या चुंबकाचा जनरेटर जोडायचा, त्यातून निघालेली थ्री फेज वीज रेक्टिफायरमधून डीसी करायची, ती ४८ व्होल्टच्या बॅटरीत भरायची आणि इन्व्हर्टरमधून २३० व्होल्ट घ्यायचे. वहाळात ३०० वॅटच असतील तरी संध्याकाळी तासभर १,२०० वॅटचा मिक्सर-इस्त्रीचा भार बॅटरी उचलते, हा याचा फायदा. वीज रात्रंदिवस येत असल्यामुळे सोलरइतकी मोठी बॅटरीही लागत नाही. पण सोलरचा चार्ज कंट्रोलर इथे तसाच लावू नका. बॅटरी भरली की तो पॅनलला तोडून टाकतो. पॅनलला काही होत नाही, टर्बाइन मात्र पळत सुटतं आणि ४८ व्होल्टच्या यंत्रणेत शंभराच्या वर व्होल्टेज जाऊन कंट्रोलरच जळतो. भरल्यावर जास्तीची वीज हीटरकडे वळवणारा, म्हणजे डायव्हर्जन पद्धतीचा कंट्रोलरच हवा. लिथियम बॅटरीच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. तिच्या आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, स्वतःच्या संरक्षणासाठी बॅटरी अचानक तोडू शकतं. तसं झालं तरी वीज हीटरकडे जात राहील अशी जोडणी आहे का, हे विक्रेत्याकडून लिहून घ्या.

दुसरी वाट थेट एसीची, आणि आपल्या रिवायंडिंगच्या दुकानांना ती जवळची आहे. साधी थ्री फेज इंडक्शन मोटार तिच्या नेहमीच्या वेगापेक्षा थोडी जास्त वेगानं फिरवली आणि तिला कंडेन्सर लावले की ती जनरेटर होते. १,४४० फेऱ्यांची मोटार ५० हर्ट्झसाठी साधारण १,५६० फेऱ्यांनी फिरवावी लागते. चाकाचा व्यास याच फेऱ्यांवर काढायचा, तो किंचित लहान येतो. घरात सिंगल फेज हवा असतो, त्यासाठी एका फेजवर एक माप आणि दुसऱ्या फेजवर त्याच्या दुप्पट मापाचे कंडेन्सर जोडतात. या जोडणीत मोटारीच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत वीज मिळते. म्हणजे आपल्या १,००० वॅटला २ एचपीची मोटार पुरते. एवढ्या लहान मोटारी बहुधा ४१५ व्होल्टला स्टार जोडणीत असतात. पाटी वाचा, आणि तसं असेल तर डेल्टा करून घ्या, म्हणजे २३०-२४० व्होल्टला बसेल. कंडेन्सर ४४० व्होल्टचे, रनिंगचेच घ्या, स्टार्टिंगचे नकोत. दुप्पट मापाचा कंडेन्सर कोणत्या फेजवर हे फिरण्याच्या दिशेवर ठरतं. उलट झालं तर मोटार तापते. या जनरेटरचा एक गुण फार मोलाचा: तारा शॉर्ट झाल्या तर तो आपोआप व्होल्टेज सोडून देतो, जळत नाही. पण तेवढ्यात चाक मोकळं पळतं, म्हणून धार बाजूला वळवणारा लोखंडी पत्रा नोझलपुढे बिजागरीवर बसवून ठेवाच. हातानं खाली ओढला की पाणी चालू राहून चाक थांबतं आणि पाइपाला हिसका बसत नाही.

कोणती वाट घ्यायची ते बरंचसं अंतर ठरवतं. १,००० वॅट ४८ व्होल्टला म्हणजे २१ अँपिअर. टर्बाइन घरापासून ३०० मीटरवर असेल आणि तांब्याची १० चौरस मिलिमीटरची तार टाकलीत, तर जाऊन-येऊन २० व्होल्टहून जास्त तारेतच संपतात. ४८ मधून ते गेले की उरतं काय! तीच शक्ती त्याच तारेतून २३० व्होल्टला नेली तर साडेचार व्होल्ट जातात. म्हणून टर्बाइन लांब असेल तर एसी, आणि घराच्या पडवीला लागून असेल तर बॅटरी, असं मी ढोबळमानानं सांगतो. पाणी सेकंदाला दोन लिटरच्या खाली जाणार असेल तर अंतर कितीही असो, बॅटरीचाच विचार करा. तेवढ्या विजेवर थेट एसी घरात मिक्सर लावला की दिवे मान टाकतात.

महावितरणची लाइनही घरात असेल तर दोन्ही वीज एकत्र येणारच नाहीत असा चेंजओव्हर स्विच लावल्याशिवाय काहीही जोडू नका. तुमची वीज उलटी लाइनमध्ये गेली तर लाइन बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. अर्थिंग, आरसीसीबी आणि ऑक्टोबरच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर, यांत काटकसर नको.

कागदपत्रांचं काम पाइप आणण्याआधी उरकून घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार ओढे-नाले सरकारच्या मालकीचे आहेत. जमीन तुमची असली तरी वहाळ तुमचा नाही. पाइप वनखात्याच्या जमिनीतून जात असेल तर १९८० च्या वन कायद्याखाली परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. ग्रामपंचायतीला अर्ज द्या आणि खालच्या वाडीला आधी सांगा. गोव्यातल्या कुळागरांत किंवा कोकणातल्या सुपारीच्या बागांत पाटाच्या पाळ्या पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या असतात; त्या पाळीला धक्का लागणार नाही हे दाखवून दिलं तर विरोध सहसा होत नाही.

वहाळ आटला की चाक आणि मोटार काढून कोरड्या जागी ठेवा, ड्रममधला गाळ काढा आणि पाइपाची तोंडं बांधा, नाहीतर आत उंदीर घर करतात. मे महिन्यात बेअरिंग हातानं फिरवून बघा. खरखर लागली तर बदला. २ एचपीच्या मोटारीला बहुधा ६२०५ नंबरचं बेअरिंग असतं, पण जुनं नेऊन नंबर जुळवूनच घ्या. बेअरिंगची एक जोडी, दोन कंडेन्सर, रेक्टिफायरचा एक ब्रिज आणि हीटरची एक कॉइल मृगाच्या आत घरात आणून ठेवा. रस्ता बंद झाल्यावर यातलं काहीही तालुक्याहून येणार नाही.